सुर्ल्याच्या कड्यावरून

बेळगावाहून गोव्यास उतरावयाचे तर जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला ही वाट आता इतकी परिचित झाली आहे की, तिच्यावरून जाणाऱ्या शंभर माणसांपैकी नव्वद माणसे घाट झोपेतच उतरतात आणि साखळी आली म्हणजे डोळे चोळू लागतात. उरलेली दहा वळणांमुळे मळमळून बसलेली असतात. या वाटेपासून थोडे बाजूस सुर्ला नावाचे गाव आहे. ते आहे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात. पण वसले आहे मात्र घाटमाथ्यावर, जणू उतरता उतरता त्याचा विचार बदलला आणि ते वरच राहिले. त्या गावाजवळ कड्याच्या टोकाशी उभे राहून समोर पाहण्याजोगी एक जागा आहे. तिच्या पलीकडे जमीन संपते. खाली दरी, दरीत रान, आणि समोरच्या काळ्या कातळावरून सुर्ला नाला त्या रानात उडी घेतो.

पवित्र मारियेच्या जन्माचा सण आटोपल्यावर, सप्टेंबरातील एका शनिवारी, आमच्या धर्मग्रामातील पस्तीस माणसे घेऊन आम्ही ही जागा पाहावयास गेलो होतो. भात पोटरीला आले होते, लावणी-भांगलणीची दगदग संपली होती आणि कापणीला अवकाश होता. खेड्यातील माणसाला सहलीस नेण्याचा हाच काय तो हंगाम. मुलांना धबधबा पाहावयाचा होता, स्त्रियांना एक दिवस चुलीपासून सुटका हवी होती. आमच्या मनात मात्र आणखी एक हेतू होता, आणि तो आम्ही कोणास बोलून दाखविला नव्हता.

आमच्या धर्मग्रामातील एका घराची थोरली मुलगी दिवाडीस दिली आहे. दिवाडी म्हणजे जुन्या गोव्यासमोरचे मांडवी नदीतले बेट. तरीने पलीकडे गेले की संत फ्रान्सिस झेवियरच्या बॉम जेजूस बासिलिकेपर्यंत चालत जाता येते. त्याच घराच्या धाकट्या मुलाची बायको हुबळीची. म्हणजे एका घराचा जावई मांडवीच्या मुखाशी, आणि त्याच घराची विहीणबाई मलप्रभेचे पाणी पिणारी. दोन वर्षांपूर्वी पास्काच्या सणाला सारी मंडळी एकत्र जेवावयास बसली असता म्हादईच्या पाण्याची गोष्ट निघाली. जावई म्हणाले, "तुम्ही लोक आमची नदी चोरता." विहीणबाई म्हणाल्या, "समुद्रात वाया घालवता, त्यापेक्षा तहानलेल्याला दिले तर काय बिघडते?" एवढ्यावरून शब्दाला शब्द वाढला. जावई पानावरून उठले. तेव्हापासून सणाला दिवाडीची माणसे आली की हुबळीची येत नाहीत, आणि हुबळीची आली की दिवाडीची मुलगी एकटीच येऊन संध्याकाळी परतते. घरातल्या आजी आम्हांस एकदा म्हणाल्या, "फादर, वर्तमानपत्रातली नदी माझ्या ताटात आली." या वर्षी दोन्ही मंडळी एकाच वेळी गावात होती, तेव्हा दोघांनाही आम्ही सहलीचे आमंत्रण दिले. एकाच गाडीत बसविले नाही, एवढी सावधगिरी मात्र बाळगली.

कणकुंबीला गाड्या थांबविल्या. पावसाळ्यात हे गाव ढगांतच असते. बेळगाव जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस ज्या भागांत पडतो त्यांत याची गणना होते. येथील माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांचे हे तीर्थ आहे, म्हणून मुलांना चपला बाहेर काढावयास सांगून आम्ही शांतपणे तेथवर जाऊन आलो. येथून निघालेली मलप्रभा पूर्वेस जाते. खानापूरवरून, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या अरुंद खिंडीतून, ऐहोळे-पट्टदकलच्या प्राचीन मंदिरांजवळून वाहत, सुमारे तीनशे किलोमीटरांचा प्रवास करून ती कूडलसंगमास कृष्णेला मिळते, आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. पण याच कणकुंबीच्या आसपास पडलेले दुसरे पाणी, कळसा, हलतरा आणि सुर्ला या नाल्यांनी पश्चिमेस वळून म्हादईला मिळते. आणि ती म्हादई पुढे मांडवी हे नाव धारण करून पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. एका गावच्या पावसाला दोन समुद्र! शाळेत 'जलविभाजक' हा शब्द आम्ही पाठ केला होता. तो येथे डोळ्यांनी दिसतो. एका चहाच्या टपरीच्या कौलांवरून दोन्ही बाजूंना पागोळ्या गळत होत्या, तेव्हा मुलांनी कोणती पागोळी हुबळीला आणि कोणती दिवाडीला, यावर पैजा लावल्या. टपरीवाल्याने सांगितले की दोन्ही त्याच्या परसातल्या खड्ड्यात जातात.

याच गावाजवळ कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळविण्यासाठी खोदकाम झालेले आहे. साऱ्या भांडणाचे मूळ ते. मलप्रभेवर नविलुतीर्थाच्या खिंडीत धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात. त्यावर हुबळी-धारवाडची तहान आणि नरगुंद-नवलगुंदकडची शेते अवलंबून आहेत. पण पावसाने पाठ फिरविली की जलाशय भरत नाही. नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी काही आजच रस्त्यावर आलेला नाही. याच मलप्रभेच्या कालव्यांवरील आकारणीवरून १९८० साली तेथे मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला. २०१५ साली पुन्हा कळसा-भांडुरा योजनेसाठी शेतकरी ठाण मांडून बसले. इकडे गोव्याने २०१० साली नेमल्या गेलेल्या लवादापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला: गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ हे वीजनिर्मितीसाठी, १.५ हे खोऱ्यातल्याच वापरासाठी. आणि प्रत्यक्ष पूर्वेकडे वळवावयाचे ते कळशातून १.७२ व भांडुऱ्यातून २.१८, मिळून ३.९. हा निवाडा २७ फेब्रुवारी २०२० रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. परंतु समाधान कोणाचेच न झाल्याने तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

आकडे वाचून खेड्यातल्या माणसाला बोध होत नाही, म्हणून आम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. शहरातल्या माणसामागे दररोज १३५ लिटर पाणी असे सरकारी माप धरले, तर ३.९ अब्ज घनफूट पाणी सुमारे बावीस लाख माणसांना वर्षभर पुरेल. कमी म्हणता येणार नाही. उलट बाजूने पाहिले, तर साऱ्या म्हादई खोऱ्यात चार वर्षांतून तीन वर्षे तरी हमखास मिळेल असे पाणी लवादाने १८८ अब्ज घनफूट धरले आहे. त्याच्या शेकडा दोन हिस्साच काय तो वळवावयाचा. जास्तही म्हणता येणार नाही. हुबळीचा मनुष्य पहिला आकडा सांगतो, गोव्याचा दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, आणि वाद तेथेच राहतो.

चोर्ल्याजवळून आत वळलो तेव्हा दाट धुके होते. कड्यावर पोहोचलो तेव्हा तर समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काहीच नव्हते. मुलांचा हिरमोड झाला. आम्ही सर्वांना खाली बसावयास सांगितले आणि तेर्स सुरू केला. पहिल्या दशकातच आवाज जाणवू लागला. तो एका ठिकाणाहून येत नव्हता. खालून, समोरून, पायाखालच्या दगडातून येत होता. मनुष्य गर्दीत असला की पाण्याचा आवाज त्याला ऐकू येत नाही, आणि तो स्वतः बोलू लागला की मुळीच येत नाही. चौथ्या दशकाच्या सुमारास वारा फिरला, धुके मध्येच फाटले, आणि एका मुलाने 'नमो मारिया' अर्धी सोडून बोट दाखविले. त्याला कोणी रागावले नाही.

त्या दरीचे वर्णन करणे आमच्या लेखणीच्या आवाक्यातले नाही, तथापि जे दिसले ते सांगतो. समोरचा कडा काळ्या पाषाणाचा, त्याच्या माथ्यावर जांभ्याचा तांबूस थर आणि त्यावर पावसाळी गवताचा सडा. सड्यावरून नाला येतो तो अगदी सामान्य, गुरे ओलांडतील असा. कड्याशी आल्यावर त्याचे एकदम रूप पालटते. तो टप्प्याटप्प्याने फुटत, पांढरा होत खाली जातो आणि रानात दिसेनासा होतो. येथील लोक धबधब्याला 'वझर' म्हणतात. या वझराला 'लाडक्याचा वझर' असे गोड नाव आहे. दरीच्या दोन्ही बाजूंना झाडांचे छत असे घट्ट की जमीन कोठेच दिसत नाही. जांभूळ, हिरडा, किंजळ, अंजनी ही झाडे ओळखता येत होती. भेरली माडाचे झुपके मधूनच वर आलेले. आणि कपारींत, जेथे माती म्हणून काही नाही तेथे, रानकेळी. उतारांवर कारवी दाटलेली होती. कोठूनतरी शीळ आली. एखादा गुराखी घालतो तशी, पण सूर न चुकता. सत्तरीच्या एका वाटसरूने सांगितले की तो पक्षी आहे, ओढ्याकाठीच राहतो आणि पावसाळ्यातच गातो.

इतकी खोल दरी कशी झाली, असे एका मुलीने विचारले. पूर्वेस जाणाऱ्या नद्यांना समुद्र फार दूर आहे, म्हणून त्या सावकाश जातात. पश्चिमेस जाणाऱ्यांना समुद्र हाकेच्या अंतरावर आणि उतार मोठा. त्यामुळे त्या वेगाने कातळ कापतात आणि दरीचे टोक दरवर्षी केसभर मागे, म्हणजे पूर्वेकडे, सरकवितात. सह्याद्रीच्या माथ्यावर अशा मागे सरकणाऱ्या नद्यांनी पूर्वेकडच्या नद्यांचे ओहोळ कधीकाळी आपल्याकडे ओढून घेतले, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. शास्त्रात त्याला नाव आहे 'नदीचौर्य'. हे ऐकून विहीणबाई प्रथमच हसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बघा जावईबापू, पहिली चोरी कुणाची!" जावईही ओठांतल्या ओठांत हसले. गेल्या दोन वर्षांत त्या दोघांत झालेले हे पहिले बोलणे.

जेवणे झाल्यावर विहीणबाई एकट्याच कड्याशी गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, एवढे पाणी! आणि माझ्या घरी भांडी मोजून घासायची. हे वाया नाही तर काय?"

या 'वाया' शब्दाविषयी आम्हांस थोडे लिहावयाचे आहे, कारण सारा तंटा आमच्या मते या शब्दात आहे. समुद्रास मिळणारे पाणी वाया गेले, असे आपण सहज बोलतो. पुढारी बोलतात, वर्तमानपत्रे लिहितात, आणि धर्मगुरूंच्या तोंडूनही ते ऐकू येते. बाईंना आम्ही उत्तर दिले नाही. जावयांना हाक मारली आणि म्हटले, "हे पाणी खाली जाऊन काय करते, ते तुम्हीच मावशींना सांगा. भांडू नका, नुसते सांगा."

जावई बोलके गृहस्थ नाहीत. बेटावर त्यांची शेती आहे आणि फावल्या वेळात ते मासे पकडतात. परंतु त्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते आम्ही पुस्तकात इतके स्पष्ट वाचले नव्हते. ते म्हणाले, "मावशी, हे समोरचे रान या पाण्याच्या तुषारावर जगते. खाली सत्तरीत गेले की सुपारी-नारळीची कुळागरे याच्यावर. त्याच्याही खाली गांजे येथवर समुद्राची भरती चढते. म्हणजे नदी एकच, पण तिच्यात वरून गोडे पाणी ढकलते आणि खालून खारे. दोघांची रोज कुस्ती चालते. आमची दिवाडी त्या आखाड्याच्या मध्यावर आहे. आमच्या खाजणशेतांना बांध आहेत, बांधांना पाणी आत-बाहेर करणारी मानस आहे. पावसाळ्यात वरचे गोडे पाणी जिंकते, शेतातले मीठ धुऊन जाते, तेव्हा कुठे भात होते. गोडे पाणी कमी पडले तर मीठ धुतले जाणार नाही. मासळी तशीच: तिसऱ्या, खुबे, कोळंबी यांना निव्वळ खारेही चालत नाही आणि निव्वळ गोडेही नाही. तुम्ही म्हणता समुद्रात वाया जाते. समुद्रात जाण्याआधी हे पाणी आमच्या दारात काम करून जाते."

बाईंनी ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "आता माझे ऐका." आणि त्यांनी आपल्या घरातले पाणी सांगितले. हुबळीच्या बऱ्याच वस्त्यांत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येत आले आहे. येते तेही रात्री-अपरात्री. बाईंच्या घरी सात पिंपे आहेत. पहिली दोन पिण्याची, त्यांना फडके बांधलेले, तिसरे स्वयंपाकाचे, पुढची दोन आंघोळीची, शेवटची दोन धुण्याची. धुण्याचे उरलेले पाणी फरशीला, फरशीचे उरलेले संडासाला. पाणी येण्याच्या रात्री घरातील एका माणसाने जागे राहावयाचे. त्यांच्या यजमानांना देवाज्ञा झाली त्याही आठवड्यात त्यांना त्या रात्री जागावे लागले. पाहुणे येणार म्हटले की आधी आनंद होतो आणि लगेच मन पिंपे मोजू लागते. "त्या मनाची मला लाज वाटते, जावईबापू," असे त्या म्हणाल्या. "पाहुण्याला तांब्या देताना मी कधी हात आखडला नाही. पण मन मोजते."

जावई बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, "मावशी, सात पिंपे? आठ दिवसांना?" आणि बोटांवर काही हिशेब करीत राहिले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लिहिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रात पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन आहे. त्यावर हुबळीच्या बाईंना बोट ठेवता येईल. त्याच परिपत्रात असेही आहे की, सृष्टीतील प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे. त्यावर ही दरी बोट ठेवील. दोन्ही गोष्टी एकाच परिपत्रात आहेत, आणि ज्याला त्यातील एकच पान फाडून घ्यावयाचे असेल त्याला ते मिळणार नाही. आम्हांस राजकारण करावयाचे नाही, निवाडा देण्याचा आमचा अधिकारही नाही. तरी दोन शब्द स्पष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. मलप्रभेच्या लाभक्षेत्रात कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस उभा राहतो आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. शहरांच्या जुन्या नळांतून पाणी गळते ते निराळेच. 'वाया' हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो तेथे वापरावा, या वझराला नव्हे. आणि गोव्याच्या बंधूंनीही 'चोर' हा शब्द उच्चारण्यापूर्वी पिंपाशी एक रात्र जागून पाहावे. वळविण्याचा तो नाला कळसा, हा समोरचा नव्हे. पण तो याचा सख्खा भाऊ आहे. साऱ्या खोऱ्याच्या हिशेबात तो शेकडा एकही भरत नसेल. परंतु ज्या दरीत तो उतरतो तिच्यापुरता तो शंभर टक्के असतो. हे कागदावर कळत नाही, कड्यावर उभे राहिल्यावर कळते.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या शेतांवर आणि कौलांवर हा पाऊस पडतो ती खानापूर तालुक्यातली रानातली गावे या वादात कोणाच्याच तोंडी नसतात. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरांचे. फार मोलाचे रान आहे ते. रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे दुर्मीळ वटवाघूळ तेथील बारापेडे गुहांत राहते. परंतु त्याच रानातल्या आमगावसारख्या गावांतून पावसाळ्यात रोगी माणसाला खांद्यावर घालून, ओढे ओलांडीत दवाखान्यापर्यंत न्यावे लागते. जुलै २०२४ मध्ये असे घडले तेव्हा चार दिवस गवगवा झाला. रान राहिले पाहिजे, हे आम्ही मानतो. रानातला मनुष्य सन्मानाने राहावा किंवा सन्मानाने बाहेर यावा, हेही त्याच श्वासात म्हणतो. आमच्या गाडीत अशा गावचे एक आजोबा होते. सारे बोलणे ऐकून ते म्हणाले, "पाणी पूर्वेला न्या की पश्चिमेला न्या, आमच्या ओढ्यावर आधी एक साकव घाला." यावर दिवाडी आणि हुबळी, दोघांनीही माना डोलावल्या.

निघण्यापूर्वी मुलांनी कड्यावरचा कचरा गोळा केला. प्रेक्षणीय स्थळी जाऊन मद्य प्राशन करणे आणि बाटली दरीत फेकून फुटण्याचा आवाज ऐकणे, हा पुरुषार्थ अलीकडे फार वाढला आहे. जेथे मनुष्य असल्या गोष्टी करतो तेथेच त्याचे डोळे काय पाहात असतात, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. तीन पोती भरली. पोती कोणाच्या गाडीत ठेवावयाची यावर थोडी कुरकुर झाली. अखेर ती आमच्या गाडीत आली, आणि तिला चार दिवस वास येत होता.

परतताना विहीणबाई दिवाडीच्या मंडळींच्या गाडीत बसल्या. तेथे काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. बोलणे झाले, एवढे नक्की; कारण कणकुंबीला चहासाठी उतरलो तेव्हा जावई आजींना सांगत होते की डिसेंबरातल्या फेस्ताला मावशी दिवाडीस राहणार आहेत, आठ दिवस. आजींनी फक्त "बरे" म्हटले आणि चहात बिस्किट बुडविले. पाण्याच्या प्रश्नावर त्या दोघांचे एकमत झाले, असे मात्र कोणी समजू नये. गाडीतून उतरतानाही बाई "पण थोडे तरी द्यायला हवे" म्हणत होत्या आणि जावई "नाल्याला विचारा" म्हणत होते.

दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या धर्मग्रामातून जुन्या गोव्यास पायी जाणारी मंडळी चोर्ल्याच्याच वाटेने निघतील. नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो. त्या बेताने प्रस्थान ठेवले आहे. यंदा पहाटे लवकर निघून सूर्योदयाला सुर्ल्याच्या कड्यावर थोडा वेळ थांबावे, असा विचार आहे. तोवर पाऊस ओसरून वझर बारीक झालेला असेल, पण दरी स्वच्छ दिसेल. घाटात रात्री गवे रस्त्यावर येतात, म्हणून काळोखात कोणीही एकट्याने पुढे जाऊ नये. येणारांनी आपली नावे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मिस्सानंतर इगर्जीत द्यावीत. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपली आणावी. वाटेत भरून घेता येते.